इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा जोडा

सूरजागडचे नाव निघाले की लोखंड आठवावे, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. एटापल्ली तालुक्यातील या डोंगरात उत्तम प्रतीचे हेमॅटाइट आहे. २०१६ साली तेथे प्रत्यक्ष खाणकाम सुरू झाले, मध्यंतरी ते खंडित झाले आणि २०२१ पासून पुन्हा जोमाने चालू झाले. परंतु डोंगरात लोखंड असणे वेगळे आणि त्याचे पोलाद होणे वेगळे, हा धडा आपल्या भागाला फार पूर्वी मिळालेला आहे. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज अस्सल, वरोऱ्यास कोळशाची खाण, मग आणखी काय पाहिजे? जमशेटजींनी तपासणी करविली तेव्हा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा नाही असे निघाले. सरकारच्या अटीही जाचक होत्या. अखेर टाटांचा कारखाना साकचीस उभा राहिला आणि १९१२ साली तेथे पोलाद निघू लागले. लोहाऱ्याचे खनिज वाईट नव्हते, वरोऱ्याचा कोळसाही इतर कामांना चालतच होता. पण दोघांचा जोडा जमला नाही.

आजचा आमचा विषय पोलादाचा नाही, मोटारीचा आहे. परंतु मुद्दा हाच आहे. अलीकडे यंत्राची आवड असलेल्या पुष्कळ तरुणांच्या मनात एक स्वप्न असते. घरामागच्या शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी, दोन माणसांची चपळ मोटार बांधावी. तिचे इंजिन चालकाच्या पाठीशी असावे. हे स्वप्न हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यात वर्षदोन वर्षांची मेहनत जाते, घरची शिल्लक जाते आणि काम चुकले तर जीवही धोक्यात येतो. असे प्रयत्न अर्ध्यावर अडतात ते बहुधा एका ठिकाणी: प्रथम मोठ्या हौसेने इंजिन विकत घेतले जाते आणि मग त्याला गिअरबॉक्स शोधत हिंडावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन वस्तू नव्हेत, ती एकच वस्तू आहे असे समजून निवड करावी, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे. असे का, ते आता क्रमाने पाहू.

मधे म्हणजे कोठे?

इंजिन मधे असलेली मोटार आपण पाहिलेलीच नाही असे अनेकांना वाटेल. वस्तुतः आपल्यापैकी बहुतेक जण तशा गाडीत बसलेले आहेत. १९८४ पासून २०१९ पर्यंत निघालेली मारुतीची व्हॅन, म्हणजेच ओम्नी, हिचे इंजिन पुढच्या बैठकीखाली होते. उन्हाळ्यात चालकाच्या खालून येणारी ऊब ज्यांनी सोसली असेल त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. चपळ मोटारीत मात्र इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे ठेवतात.

याचे कारण सोपे आहे. खांद्यावर कावड घेतलेला माणूस चटकन वळू शकत नाही, कारण वजन दोन्ही टोकांस आहे. तेवढ्याच वजनाची घागर डोक्यावर घेतलेली बाई मात्र जागच्या जागी वळते. मोटारीचे जड भाग मध्यभागी आणले की ती घागर घेतलेल्या बाईसारखी वळते. शिवाय इंजिनाचा भार मागच्या चाकांजवळ पडतो आणि तीच चाके गाडी ढकलीत असल्यामुळे त्यांची पकड चांगली बसते. १९५९ साली जॅक ब्रॅबम यांनी पाठीमागे इंजिन असलेल्या कूपर गाडीतून शर्यतींचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि पुढच्या दोनतीन वर्षांत त्या शर्यतींतून पुढे इंजिन असलेल्या गाड्या नाहीशा झाल्या.

याला दुसरी बाजूही आहे. जी गाडी चटकन वळते ती चटकन गिरकीही घेते. घसरू लागल्यावर सावरण्यास चालकाला अवधी कमी मिळतो. म्हणून पहिल्याच गाडीत भरमसाट शक्तीचे इंजिन घालण्याचा मोह आवरावा.

गिअरबॉक्सची अडचण

जुन्या जीपमध्ये किंवा अँबॅसडरमध्ये इंजिन पुढे, त्याच्यामागे गिअरबॉक्स, मग लांब दांडा आणि शेवटी मागच्या आसावर डिफरन्शिअल, अशी रांग असे. इंजिन पाठीमागे नेले की या रांगेला जागाच उरत नाही. त्यामुळे गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच पेटीत असलेला संच लागतो. त्याला ट्रान्सॲक्सल म्हणतात. असा संच स्वतः घडविणे ही घरच्या शेडमधील गोष्ट नव्हे. दातेरी चाके कापणे, त्यांना पाणी देणे आणि घासून बसविणे यासाठी कारखानाच हवा. म्हणजे संच तयारच घ्यावा लागणार.

सुदैवाने तो आपल्या आसपास विपुल आहे. पुढची चाके ओढणाऱ्या प्रत्येक लहान मोटारीत इंजिन आडवे असते आणि त्याला चिकटूनच ट्रान्सॲक्सल असतो. हा सबंध संच जसाच्या तसा उचलून मागे सरकवला की मधे इंजिन असलेली मोटार तयार होते. ही काही जुगाड करणाऱ्यांची युक्ती नव्हे. मोठमोठ्या कारखान्यांनी हेच केले आहे. १९७२ ची फियाट एक्स वन-नाइन ही फियाट १२८ चा संच मागे नेऊन केलेली होती. टोयोटाची १९८४ ची एमआर-टू हीदेखील त्याच मार्गाने आली. आपल्याकडे दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने २०१२ च्या दिल्ली प्रदर्शनात अवंती ही मोटार मांडली, तिच्यात रेनॉ कंपनीचे दोन लिटरचे, सुमारे २५० अश्वशक्तीचे इंजिन आडवे बसविलेले होते. कारखाना काढणारा माणूसही जेथे इंजिन-गिअरबॉक्स तयार घेतो, तेथे घरच्या कारागिराने कमीपणा मानण्याचे कारण नाही.

येथे एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संच सरळ मागे सरकवला तर चाके योग्य दिशेने फिरतात. पण जागेच्या सोयीसाठी तो अर्धा वळसा देऊन उलटा बसविला तर चाके उलटी फिरू लागतात, आणि मोटारीला पुढे जाण्यास एक गिअर व मागे जाण्यास चार मिळतात! १९६६ च्या लोटस युरोपा गाडीत रेनॉ १६ चा उभा संच असाच फिरवून बसविला होता. तेव्हा डिफरन्शिअलचे मोठे दातेरी चाक दुसऱ्या बाजूस घेऊन दिशा सुधारावी लागली. प्रत्येक पेटीत अशी सोय असतेच असे नाही. म्हणून पेटी विकत घेण्यापूर्वीच ती कोणत्या तोंडाने बसणार हे कागदावर काढून पाहावे.

मोटारसायकलचे इंजिन चालेल काय?

तरुण मंडळींचा ओढा मोटारसायकलच्या इंजिनाकडे असतो, आणि ते स्वाभाविक आहे. ते हलके असते, त्यातच गिअर असतात आणि ते झपाट्याने फिरते. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्पर्धेसाठी ज्या एका माणसाच्या छोट्या शर्यती गाड्या बांधतात त्यांत ७१० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास मुभा असते, आणि २०१३ पासून चाकणला बनू लागलेले ३७३ घनसेंटिमीटरचे, सुमारे ४३ अश्वशक्तीचे केटीएम इंजिन आपल्या मुलांनी त्यासाठी पुष्कळ वापरले आहे. त्या कामास ते योग्यच आहे.

परंतु दोन माणसांच्या मोटारीचा हिशेब निराळा. मोटारसायकल आणि स्वार मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलो होतात. आपली मोटार पाचशे किलोची धरली आणि आत दोन माणसे बसली तर साडेसहाशे. म्हणजे जो क्लच अडीचशे किलो हलविण्यासाठी केला, त्याने दरवेळी अडीच ते तीनपट वजन हलवावयाचे. तो जळाला तर नवल नाही. शिवाय या संचात मागे जाण्याचा गिअर नसतो आणि डिफरन्शिअलही नसते. दोन्ही वेगळी जोडावी लागतात.

सर्वांत फसवी अडचण तेलाची आहे. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तिच्या तळातील तेल तळातच राहते. मोटार कलत नाही. त्यामुळे जोरात वळताना तेल एका कडेला चढते, तेल ओढणारी नळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. काही सेकंद असे झाले तरी आतील बेअरिंगे खलास होतात. विद्यार्थी तेलाच्या तळात आडपडदे घालून याचा बंदोबस्त करतात. ज्याला हे काम नीट करता येईल त्यानेच या वाटेस जावे.

विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या एका स्पर्धेतून मात्र उत्तम शिकवण मिळते. खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या बाहा गाड्यांना अनेक वर्षे सर्वांना एकच, दहा अश्वशक्तीचे ३०५ घनसेंटिमीटरचे इंजिन ठरवून दिलेले होते. त्याला जोडण्यासाठी आपल्याकडील कित्येक संघांनी महिंद्रच्या अल्फा या तीनचाकी मालगाडीची गिअरबॉक्स निवडली. नाव मोठे नाही, पण इंजिन दहा घोड्यांचे, ओझे खेचणे हेच पेटीचे काम, तीत मागे जाण्याचा गिअर, डिफरन्शिअल आतच आणि सुटे भाग गावोगाव मिळणारे. जोडा जमणे म्हणजे हे.

थोडासा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. ते कठीण नाहीत. इंजिनाची ताकद दोन तऱ्हांनी सांगतात. टॉर्क म्हणजे आसाला पिळण्याचा जोर, आणि अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने चालतो त्याचे माप. २०११ च्या सुमारास स्विफ्ट गाडीत दोन इंजिने मिळत. पेट्रोलचे १.२ लिटरचे, सुमारे ८५ अश्वशक्ती आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देणारे. आणि डिझेलचे १.३ लिटरचे, ७५ अश्वशक्ती पण १९० न्यूटन-मीटर देणारे. पहिले मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देते, दुसरे ४००० वरच देते.

समजा, आपल्या चाकाचा घेर १.८ मीटर आहे आणि पेट्रोल इंजिनाच्या पेटीत वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ३.२८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. तर ६००० फेऱ्यांवर चाक मिनिटाला सुमारे १८३० वेळा फिरेल आणि वेग ताशी सुमारे १९७ किलोमीटर भरेल. हवेचा विरोध इतका वेग गाठू देईल की नाही हा प्रश्न वेगळा, पण गिअर आड येणार नाही. आता त्याच पेटीला डिझेल इंजिन जोडले तर ४००० फेऱ्यांवर गाडी ताशी १३२ च्या पुढे जाणार नाही, आणि पेटीतील दाते मात्र ज्यासाठी केले त्याहून दोनतृतीयांश अधिक जोर सोशीत राहतील. दोन्ही वस्तू चांगल्या, दोन्ही एकाच जातीच्या गाडीतल्या, तरी जोडा वाईट. कारखान्याने डिझेलला जी पेटी दिली तीच डिझेलला शोभते.

याखेरीज एक सूक्ष्म गोष्ट आहे. पुढची चाके ओढणारी मोटार झटक्याने निघाली की वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होऊन जागच्या जागी फिरतात आणि गिअरबॉक्सवरील ताण आपोआप सुटतो. तोच संच मागे नेला की निघताना वजन त्याच चाकांवर येते, ती घसरत नाहीत आणि सगळा धक्का पेटीने व चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांनी सोसावा लागतो. म्हणजे त्याच पेटीला मागे गेल्यावर अधिक कष्ट पडतात. म्हणूनच 'इंजिनाची शक्ती थोडी वाढवून घेऊ' हा विचार पहिल्या गाडीत करू नये.

आणि त्याची गरजही नाही. स्विफ्ट सुमारे साडेनऊशे-हजार किलोची; आपली दोन माणसांची मोटार सातशे किलोची झाली तर त्याच ८५ अश्वशक्तीत ती दर टनास १२० हून अधिक अश्वशक्तीची ठरते. शक्ती विकत घेण्यापेक्षा वजन सोडणे स्वस्त पडते. सूरजागडच्या खनिजातून निघणारे लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची घनता पाहा: ओतीव लोखंड पाण्याच्या सातपटीहून जड, ॲल्युमिनियम पावणेतीन पट. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचे पेट्रोल इंजिन पाठीशी असले तर गाडीचे मागचे अंग हलके राहते. डिझेलचा जोर ट्रकला हवा. खनिजाने भरलेला ट्रक चढावर इंच इंच चढताना पाहिला म्हणजे टॉर्क म्हणजे काय ते कळते. पण हलक्या मोटारीला तेवढे ओझे कशाला?

आपला उन्हाळा आणि आपली धूळ

परदेशी पुस्तके वाचून गाडी बांधणाऱ्याने आपला मुलूख विसरू नये. इंजिनातील पाणी साधारण ९० अंशांवर राखावयाचे असते. बाहेर २५ अंश असतील तर रेडिएटरला ६५ अंशांचा फरक मिळतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर ४६ अंश झाले की तो फरक ४४ अंशच उरतो. म्हणजे तेवढीच उष्णता टाकण्यास रेडिएटर जवळजवळ दीडपट समर्थ हवा. त्यातही इंजिन पाठीमागे बंदिस्त जागेत. समोरचा वारा तेथे पोहोचत नाही. म्हणून रेडिएटर पुढे नाकाशी ठेवून लांब नळ्यांनी पाणी मागे न्यावे आणि त्या नळ्यांत हवा अडकू नये यासाठी सर्वांत उंच जागी हवा काढण्याची तोटी ठेवावी. अडकलेल्या हवेच्या एका बुडबुड्याने इंजिन जळू शकते.

दुसरी गोष्ट धुळीची. एटापल्ली-आलापल्लीच्या बाजूस खनिजाच्या वाहतुकीने रस्त्याकडेची झाडे तांबडी झालेली आपण पाहिली आहेत. हेमॅटाइटची धूळ कठीण असते; ती इंजिनात गेली तर कानशीसारखे काम करते. मधे इंजिन असलेल्या गाड्यांना मागच्या चाकाच्या अगदी पुढे, कडेला, हवा घेण्याची खाच ठेवण्याची रीत आहे. दिसते झकास, पण नेमकी तेथेच चाकांनी उडविलेली धूळ येते. आपल्याकडे हवा उंचावरून, छताच्या मागील कडेजवळून घ्यावी आणि गाळणी सहज काढता येईल अशी ठेवावी.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. ज्या इंजिनाचा सुटा भाग मिळविण्यासाठी नागपूरच्याही पलीकडे जावे लागेल ते कितीही नामांकित असले तरी आपल्या कामाचे नाही. आलापल्लीच्या किंवा मूलच्या गॅरेजातील मिस्त्री ज्याला हात लावण्यास कचरत नाही ते इंजिन चांगले.

सबंध गाडी घ्यावी

आजकालच्या इंजिनाला मेंदू असतो. पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, हे सर्व एक विजेची पेटी ठरवते, आणि ती पेटी आपली किल्ली ओळखल्याखेरीज इंजिन चालू होऊ देत नाही. बाजारातून नुसते इंजिन आणणाऱ्याची येथे फजिती होते. म्हणून शक्य तर एक सबंध जुनी गाडीच घ्यावी. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, चाकांकडे जाणारे दांडे, तारांचा सर्व गुंता, विजेची पेटी, किल्ली, पेट्रोलचा पंप, सारे एकाच घरचे. गिअर बदलण्याची जोडणी लोखंडी दांड्यांऐवजी लवचीक तारांची असेल तर ती मागपर्यंत वळवून नेणे सोपे जाते, हेही पाहावे. गाडी घेताना मालकीची कागदपत्रे आणि इंजिनावरील क्रमांक ताडून पाहावा. चोरीचा माल स्वस्त मिळतो, पण महाग पडतो. आणि सांगाड्याला पहिला टाका घालण्यापूर्वी हा संच जमिनीवरच चालवून पाहावा.

कायद्याची वेस

येथे एक कटू सत्य सांगणे भाग आहे. घरी बांधलेली मोटार सार्वजनिक रस्त्यावर आणणे आपल्या देशात जवळजवळ अशक्य आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या ठरावीक संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि तो खर्च कारखानदाराला परवडणारा असतो. जुन्याच गाडीत फेरफार करून पळवाट काढावी तर २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालणार नाही, असा निर्णय दिलेला आहे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी चारचाकी बांधली तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, परंतु ती नियमांत बसणार नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. त्याच्याही फार पूर्वी, १९४९ च्या सुमारास, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतः छोटी मोटार तयार केली आणि पुढे वर्षानुवर्षे सुधारीत ती 'मीरा' या नावाने लोकांपुढे आणली. मागे इंजिन असलेली ही मराठी मोटार कारखान्यातून कधीच निघाली नाही. कसब होते, चिकाटी होती. परवाना आणि भांडवल यांची जोड मिळाली नाही.

मग हा खटाटोप करावयाचा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, गाडी बांधणारा मुलगा रस्त्यावर मिरविण्यासाठी ती बांधीत असेल तर त्याने बांधू नये. खासगी आवारात, बंदिस्त मैदानावर किंवा विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत ती चालविण्यास हरकत नाही. आणि ज्याने एकदा इंजिनाचा फेरा चाकापर्यंत स्वतःच्या हिशेबाने पोहोचविला, त्याला यंत्र हे नुसते विकत घेण्याचे राहत नाही. ज्या भागातून लक्षावधी टन खनिज बाहेर जाते त्या भागातील मुलांना त्या लोखंडाचे पुढे काय होते हे हातांनी कळावे, ही गोष्ट लहान नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. गाडी कोठे चालणार ते प्रथम ठरवावे. मग तिचे वजन अंदाजावे. त्या वजनाला पुरेल असा, पण उतू जाणार नाही असा, एकाच गाडीतला इंजिन-गिअरबॉक्सचा संच निवडावा. तो कोणत्या तोंडाने बसेल, त्याचे पाणी कोठे थंड होईल, हवा कोठून येईल हे कागदावर काढावे. गाडी कागदपत्रांसह घ्यावी, संच चालवून पाहावा. आणि इतके सर्व झाल्यावरच लोखंडी नळ्या कापावयास घ्याव्यात. सांगाडा चुकला तर कापून पुन्हा जोडता येतो. जोडा चुकला तर सगळेच पुन्हा करावे लागते.